एफएमजीई आणि राहिलेले अकरा गुण

वाचकाचं पत्र

मॅडम,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. २०१८ साली एमबीबीएससाठी किर्गिझस्तानात बिश्केकला गेले आणि २०२४ ला पदवी घेऊन परत आले. मधलं तिसरं वर्ष कोरोनामुळं गावातच, मोबाईलवर ऑनलाइन झालं. आल्यापासून एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथं नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, दोनदा दिली. पहिल्यांदा ३०० पैकी १२१ पडले, या वेळी १३९. पास व्हायला १५० लागतात. दोन्ही वेळा अ‍ॅनाटॉमीपासून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पीएसएम (सामुदायिक आरोग्य) आणि छोटे विषय शेवटच्या आठवड्यात उरकावे लागले. दुपारच्या पेपरात डोकं चालेनासं होतं. आता डिसेंबर सत्रासाठी नवीन टाइमटेबल केलंय. अ‍ॅनाटॉमीला एक महिना, मग फिजिऑलॉजी, मग बायोकेमिस्ट्री, असं क्रमानं. मैत्रिणी म्हणतात, दिल्लीला गौतम नगरला राहून क्लास लाव. त्याला राहण्याखाण्यासकट सव्वादोन लाख लागतील. वडिलांनी माझ्यासाठी जमीन गहाण ठेवलीय, त्यांच्यापुढं विषय काढवत नाही. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर म्हणतात, रात्रपाळीला आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून ये, महिना अठरा हजार देतो, अनुभवही मिळेल. कुणी म्हणतं एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार आहे, थांब. रात्री झोप लागत नाही. लेकीसारखं समजून सांगा, अभ्यास कसा लावू?

एक वाचक, जि. लातूर

उत्तर

लेकी,

१२१ वरून १३९ म्हणजे एका सत्रात अठरा प्रश्न जास्त बरोबर आले. तेही क्लासविना, घरात राहून. तुझ्या पत्रात या अठरा गुणांबद्दल एक शब्द नाही, सगळं लक्ष नापास या शिक्क्यावर आहे. या परीक्षेचा निकाल एखाद्या सत्रात दहा टक्क्यांच्या आसपास लागतो, एखाद्या सत्रात तिशीच्या जवळ जातो. म्हणजे दर वेळी नापास होणारेच जास्त असतात आणि त्यातले बरेच जण पुढच्या एखाद्या सत्रात पास होऊन आज इंटर्नशिप करताहेत. तू त्या रांगेत बरीच पुढं आलेली आहेस.

आता तुझ्या टाइमटेबलकडं येते. ते मला अजिबात मान्य नाही. ज्या क्रमानं दोनदा अभ्यास केलास आणि दोन्ही वेळा शेवटचे विषय राहिले, तोच क्रम तू तिसऱ्यांदा मांडला आहेस. एमबीबीएसला विषय ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं वाचायचे, ही सवय सगळ्यांनाच असते. पहिल्या पानापासून सुरुवात केली की प्रामाणिकपणे अभ्यास केल्याचं समाधानही मिळतं. पण तुला एमबीबीएस पुन्हा करायचं नाहीये. तुला ११ गुण हवेत, आणि परीक्षेच्या दिवसाची धाकधूक धरून वर थोडी सोय हवी. तेव्हा हे गुण कुठं सांडतात ते आधी शोधायचं आणि अभ्यास तिथून सुरू करायचा.

परीक्षेची गुणविभागणी तुला माहीत असेल, पण टाइमटेबल करताना ती समोर ठेवलेली दिसत नाही. ३०० पैकी १०० गुण प्री आणि पॅराक्लिनिकलला आहेत. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. उरलेले २०० क्लिनिकलचे. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ऑब्सगायनी (प्रसूती आणि स्त्रीरोग) ३०, पीएसएम ३०. पीडियाट्रिक्स, ऑफ्थॅल्मॉलॉजी, ईएनटी प्रत्येकी १५. मग सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो आणि रेडिओडायग्नोसिस, प्रत्येकी ५.

हे आकडे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटव आणि त्यांच्याकडं नीट बघ. ज्या अ‍ॅनाटॉमीला तू महिना देणार आहेस तिला १७ गुण आहेत आणि तो विषय अफाट आहे. बायोकेमिस्ट्रीलाही १७ च आहेत, पण तो विषय त्याच्या पाव वेळात हाताशी येतो. डोळे आणि कान-नाक-घसा हे दोन मिळून ३०, म्हणजे मेडिसिनच्या जवळपास. आणि ज्यांना तू छोटे विषय म्हणतेस ते सहा मिळूनही ३० होतात. पीएसएमचे ३० धर. याचा अर्थ, जे तू दोन्ही वेळा शेवटच्या आठवड्यात उरकलंस ते साठ गुणांचं होतं. तुझे अकरा गुण बहुतेक तिथंच आहेत.

बहुतेक म्हणते, कारण ही परीक्षा तुला विषयवार गुणपत्रिका देत नाही आणि प्रश्नपत्रिका घरी नेऊ देत नाही. एकूण आकडा तेवढा हातात येतो. म्हणून पहिलं काम हे, की या रविवारी काही न वाचता ३०० प्रश्नांची पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दे. सकाळी १५० प्रश्न अडीच तासांत, मग जेवण, मग दुपारी १५० अडीच तासांत. काही वाचलेलं नाही, आत्ता कशाला, असं वाटेल. तरी दे. मग सोमवार-मंगळवार दोन दिवस फक्त त्या पेपरात घाल. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं तीनपैकी एक खूण कर. हे मला माहीतच नव्हतं. हे वाचलं होतं पण आठवलं नाही. हे येत होतं पण प्रश्न घाईत वाचला, ‘कोणते नाही’ मधला ‘नाही’ सुटला. मग विषयवार बेरीज कर.

या तीन खुणांवर तीन वेगवेगळे उपाय आहेत आणि गोंधळ होतो तो इथंच. माहीतच नसेल तर वाचावं लागेल. वाचलेलं आठवत नसेल तर तोच व्हिडिओ पुन्हा पाहून काही होणार नाही. तिथं स्वतःला प्रश्न विचारून उत्तर बाहेर काढण्याचा सराव लागतो. आणि घाईनं चुकत असेल तर वेळ लावून सोडवलेले पेपर लागतात. तिन्ही आजारांवर ‘आणखी वाचन’ हे एकच औषध देत राहिलं की पोरं दिवसाचे बारा तास बसूनही तिथंच राहतात. माझ्याकडं सल्ल्याला येणाऱ्यांत दुसऱ्या खुणेचे प्रश्न सगळ्यांत जास्त निघतात. तुझेही तेच निघतील असा माझा अंदाज आहे, कारण १३९ गुण मिळवणाऱ्या मुलीनं बऱ्यापैकी वाचलेलं असतं.

डिसेंबर सत्राची नेमकी तारीख कधी कधी पुढं जानेवारीत जाते, पण ती धरून चालू नकोस. तुझ्या हातात एकोणीस आठवडे आहेत असं मी धरते. पहिला मॉकचा. पुढचे सहा आठवडे पीएसएम, ऑब्सगायनी, पीडियाट्रिक्स, डोळे, ईएनटी. हे १०५ गुण झाले. नंतरचे पाच आठवडे मेडिसिन आणि सर्जरी, आणि त्यांच्याच सोबत पॅथॉलॉजी, फार्मा, मायक्रो. हे १०४. मग तीन आठवडे बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, अ‍ॅनाटॉमी, फॉरेन्सिक आणि ते सहा छोटे विषय, मिळून ९१. शेवटचे चार आठवडे नवीन काहीही नाही, फक्त रिव्हिजन आणि मॉक. मॉकमध्ये विषयवार बेरीज वेगळी निघाली तर हा क्रम बिनधास्त बदल. माझ्या वेळापत्रकापेक्षा तुझ्या चुकांचा कागद मोठा.

अ‍ॅनाटॉमी इतकी मागं टाकलीस म्हणून घाबरू नकोस. त्या १७ गुणांतले बरेचसे प्रश्न नर्व्ह इंजुरी, क्रेनियल नर्व्हज, भ्रूणशास्त्रातले ठरलेले मुद्दे आणि हिस्टॉलॉजीची चित्रं यांवर फिरतात. ते शेवटी वाचलेलं बरं, ताजं राहतं.

आता तिसऱ्या वर्षाबद्दल. तू ते एका वाक्यात लिहून पुढं गेलीस, पण मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटतं. पॅथॉलॉजी, फार्मा, मायक्रो हे विषय ज्या वर्षी पक्के व्हायचे ते वर्ष तू गावात रेंज शोधत काढलंस. स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिली नाहीस, पेशंट पाहिला नाहीस. या तीन विषयांचे सरळ ३९ गुण आहेत, आणि मेडिसिनचे प्रश्नही त्यांच्यावरच उभे असतात. म्हणून ते वेगळे वाचू नकोस, पेशंटला जोडून वाच.

एक उदाहरण सांगते, तुझ्याच भागातलं. फवारणीहून आलेला किंवा औषध प्यालेला शेतकरी कॅज्युअल्टीत आणला आहे. घामानं निथळतोय, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा. आता पुस्तक बंद कर आणि स्वतःला विचार. कोणतं एन्झाइम अडलं? अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, हे बायोकेमिस्ट्री. मस्कारिनिक लक्षणं कोणती, निकोटिनिक कोणती? हे फिजिऑलॉजी. अ‍ॅट्रोपिन कशावर काम करतं आणि कशावर करत नाही, प्रॅलिडॉक्सिम लवकर का द्यायचं? हे फार्मा. अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं? छाती कोरडी झाली का यावरून. बाहुलीच्या आकारावरून ठरवायचं नाही, आणि पर्यायांत बाहुली हमखास दिलेली असते. एक ते चार दिवसांत मान उचलता येईना, श्वास थकू लागला तर काय? इंटरमीडिएट सिंड्रोम, हे मेडिसिन. पोलिसांना कळवायचं का, पोटातला नमुना कसा जपायचा? हे फॉरेन्सिक. शुद्धीवर आल्यावर पुन्हा तसं करेल का, हे कसं विचारायचं? हे सायकियाट्री.

एका पेशंटमधून सहा विषय निघाले. अशा चाळीस-पन्नास केसेस वहीत तयार कर. ताप आणि कावीळ, गरोदर बाई आणि झटके, फिकट पडलेलं मूल, अचानक दुखून लाल झालेला डोळा, खोकला आणि वजन घटणं. प्रत्येक केसच्या डाव्या पानावर फक्त प्रश्न लिही, उत्तरं उजव्या पानावर. रोज सकाळी उजवं पान झाकून पाच केसेस तोंडी म्हण. चारचौघांत चालेल अशा मोठ्या आवाजात म्हण, मनातल्या मनात नको. मनात म्हणताना अर्धवट उत्तरही पूर्ण आल्यासारखं वाटतं.

विंचवाचं घे. बिश्केकच्या वॉर्डात तुला विंचू चावलेला पेशंट दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातले विंचूदंशाचे पेशंट वर्षानुवर्षं पाहून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे. सापाचं, कुष्ठरोगाचं, क्षयाचं, मलेरियाचं असंच आहे. परदेशात शिकलेल्या मुलांचे गुण जातात ते बऱ्याचदा बुद्धी कमी पडते म्हणून नाही. इथला आजार आणि इथली सरकारी यंत्रणा त्यांनी पाहिलेली नसते म्हणून जातात.

म्हणून पीएसएमपासून सुरुवात करायला सांगते. मी हा विषय शिकवलाय म्हणून त्याची बाजू घेते असं समजू नकोस. हे तीस गुण परदेशातल्या अभ्यासक्रमात कुणी शिकवत नाही आणि इथं मात्र ते गृहीत धरले जातात. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. जन्माला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, मग सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिने. क्षयरोग कार्यक्रमातली औषधं आणि त्यांचे महिने, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांची लोकसंख्या आणि कर्मचारी, आशाताई काय करतात. यातलं निम्मं तुला पुस्तकाविना शिकता येईल. एका लसीकरणाच्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, नर्सताईंना सांगून दोन तास शेजारी बस. आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, उघडी कुपी किती तास चालते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की परीक्षेतलं चित्र ओळखायला विचार करावा लागणार नाही.

बायोस्टॅटिस्टिक्सची गणितं टाळू नकोस. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी, प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, रिलेटिव्ह रिस्क आणि ऑड्स रेशो, हे सगळं एका दोन-बाय-दोन चौकटीवर चालतं. रोज एक चौकट मांडून सोडव, पंधरा दिवसांत हात बसेल.

फॉरेन्सिकचे दहा गुण वाचताना एक काळजी घे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. मैत्रिणींकडून मिळालेल्या जुन्या नोट्समध्ये ३०४-अ दिसेल, ते निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम आता १०६ आहे. हुंडाबळीचं ३०४-ब आता ८० झालं. नवी आणि जुनी कलमं समोरासमोर लिहिलेलं एक पान करून ठेव. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेली दुरुस्तीही तशीच. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं, आणि त्यापुढं गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड. हे फॉरेन्सिकमध्येही येतं आणि ऑब्सगायनीतही.

रोजचा दिवस कसा असावा, तर माझ्या मते आठ तास खऱ्या अभ्यासाचे पुरतात. त्यातले निम्मे तास प्रश्न सोडवण्याचे हवेत. व्हिडिओ पाहणं मी अभ्यासात मोजतच नाही. जो मुद्दा माहीतच नाही त्याच्यापुरताच व्हिडिओ बघ. रोज पन्नास प्रश्न चालू विषयाचे, पंचवीस जुन्या विषयांचे, आणि दहा-पंधरा चित्रांचे. ईसीजी, एक्स-रे, फंडस, त्वचेचे चट्टे, ऑपरेशनची अवजारं. चित्रांचे प्रश्न वाचून येत नाहीत, पाहून पाहूनच येतात. चुकलेल्या प्रश्नातून वहीत एकच ओळ उतरव, आख्खं स्पष्टीकरण नको. ती ओळ दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा वाच. शेवटच्या चार आठवड्यांत तुझं पुस्तक म्हणजे ती वही. ज्या विषयात पाणी पोचत नाही तिथंच रोज थोडा पाट काढायचा, ओल्या वाफ्यात पुन्हा पाणी सोडून पीक वाढत नाही. म्हणून जो विषय आवडतो, ज्यात मॉकला नेहमीच चांगले गुण पडतात, त्याच्यात जास्त रमू नकोस.

दुपारच्या पेपरात डोकं चालत नाही, याला इलाज आहे. दर रविवारी १५० प्रश्नांचा पेपर दुपारी दोन ते साडेचार या वेळेतच सोडव. दर पंधरा दिवसांनी पूर्ण ३०० चा. मॉकच्या दिवशी परीक्षेच्या दिवशी खाशील तेवढंच, हलकं जेवण. आता दुपारी झोपत असशील तर ती झोप शेवटच्या दोन महिन्यांत बंद कर. प्रश्नामागे सरासरी एकच मिनिट मिळतं, म्हणून दोन पर्यायांत अडकलीस की एक निवडून पुढं जायची सवय मॉकमध्येच लागली पाहिजे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं जरी कळलं तरी उरलेल्या दोनांत अर्धी संधी असते. असे वीस प्रश्न आले तर दहाएक गुण पदरात पडतात, आणि तुला हवेत अकरा. मॉकमध्ये मात्र १५० वर खूश होऊ नकोस. शेवटच्या तीन मॉकना १७५ च्या आसपास पडत असतील तरच मी निश्चिंत होईन.

दिल्लीचं विचारलंस. तुझ्या बाबतीत नको, असं माझं स्पष्ट मत आहे. गौतम नगरला चांगले शिक्षक आहेत, तिथं राहून पास झालेली मुलंही आहेत. पण क्लास ज्याला ६०-७० गुणांनी कमी पडताहेत, ज्याचे विषयच झालेले नाहीत, त्याच्या उपयोगाचा. तुझे विषय झालेले आहेत. तिथं दिवसाचे सहा-सात तास ऐकण्यात जातील आणि सोडवायला वेळ उरणार नाही. शिवाय सव्वादोन लाखांचं ओझं घेऊन परीक्षा हॉलमध्ये बसणं वेगळं. त्याऐवजी एखाद्या चांगल्या क्वेश्चन बँकेचं आणि टेस्ट सिरीजचं वर्गणीचं अ‍ॅप घे. ते त्या खर्चाच्या छोट्याशा भागात होतं. आणि घरात अभ्यास होत नसेल तर तू लातूर जिल्ह्यात आहेस. शहरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, सकाळी लवकर उघडतात, रात्री उशिरापर्यंत चालतात. महिन्याचा पास काढ, एसटीनं येजा कर किंवा शेवटचे दोन महिने एखाद्या मुलींच्या हॉस्टेलला राहा. बसमधला वेळ वहीतल्या ओळींचा.

तिथं तुझ्यासारख्याच एफएमजीईची तयारी करणाऱ्या एक-दोन मुली शोध. बोलायला माणूस लागतो. टेलिग्रामचे शंभर ग्रुप मात्र बंद कर. परीक्षेत आलेले म्हणून तिथं जे प्रश्न फिरतात त्यांची उत्तरं सर्रास चुकीची असतात.

आरएमओची नोकरी. याला मी ठाम नाही म्हणते. एफएमजीई पास झाल्याशिवाय महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणीसुद्धा मिळत नाही. नोंदणी नसताना पेशंटला औषध लिहून देणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री दोन वाजता पेशंट गेला आणि नातेवाईक चिडले, तर ते डॉक्टर पुढं येतील का, कागदावर कुणाची सही असेल, याचा विचार कर. शिवाय रात्रपाळी करून दिवसा अभ्यास होत नाही. त्यांना अनुभवच द्यायचा असेल तर आठवड्यातून एक सकाळ ओपीडीत शेजारी बसू द्या, म्हणून विचार. बघायचं, विचारायचं, हात लावायचा नाही आणि पगार घ्यायचा नाही.

नेक्स्टसाठी थांबू नकोस. ती परीक्षा २०१९ च्या कायद्यात लिहिलेली आहे, तिच्या तारखा येत राहिल्या आणि पुढं जात राहिल्या. समोर जी परीक्षा ठरलेली आहे तिचा फॉर्म भर. नेक्स्ट आली तरी हाच अभ्यास कामी येईल. फॉर्म भरताना पदवीची प्रत, साक्षांकन, पात्रता प्रमाणपत्र, पासपोर्टवरचं आणि आधारवरचं नाव, सगळं एका फाइलीत नीट आहे ना ते आत्ताच पाहून घे. अभ्यास झालेला असताना कागदांच्या त्रुटीसाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ करावी लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

वडिलांशी बोल. या पत्रात तू त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस, पण झोप उडवणारी गोष्ट मला तीच दिसते. त्यांना गुणांचा कागद दाखव. पहिल्यांदा १२१, मग १३९, लागतात १५०. दिल्लीला जाणार नाही, अभ्यासिकेचा आणि अ‍ॅपचा एवढा खर्च येईल, डिसेंबर सत्र देणार, हे आकड्यांत सांग. शेतकऱ्याला हिशेब कळतो. मोघम ‘अभ्यास चालू आहे’ ऐकून त्यांना जी भीती वाटत असेल ती या हिशेबानं कमीच होईल. पास झाल्यावर किमान वर्षभराची इंटर्नशिप आहे हेही आत्ताच सांगून ठेव, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पाटी लागेल अशी अपेक्षा घरात राहणार नाही. आणि पाहुण्यारावळ्यांना काय सांगायचं ते त्यांनाच सांगू दे, तू त्यात पडू नकोस.

झोपेचं हलक्यावर घेऊ नकोस. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्यासाठी सात तास झोप लागते, ती कापून मिळवलेले दोन तास तुला गुण देणार नाहीत. रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेव. दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, भूक गेली असेल, कशातच अर्थ नाही असं वाटत असेल, तर लातूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत जा. तू स्वतः ज्याला उदासीनता म्हणून ओळखशील ते स्वतःमध्ये असलं की ओळखायला वेळ लागतो. मध्येच फार जड वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. स्वतःला काही करून घ्यावं असा विचार आला तर त्याच क्षणी आईला उठव आणि हा नंबर लाव.

आता या रविवारी मॉक दे. बुधवारपर्यंत विषयवार बेरीज आणि तिन्ही खुणांचे आकडे मला लिहून पाठव. पहिल्या सहा आठवड्यांचं टाइमटेबल त्या कागदावरून आपण दोघी मिळून पुन्हा मांडू.